गोरग्याचा शेवटचा घड

आरोग्य उपकेंद्र, ता. एटापल्ली
८ जानेवारी २०२४

आयु. नंदिनीस,
तुया सासूचा जयभीम.

फोन मुद्दाम नाई केला. एक तर इथी टॉवर दोन दिवस चालते अन् चार दिवस निजून राह्यते. दुसरं म्हणजे, मले राग आला का फोनवर शब्द सापडत नाई, शिव्याच सापडते. कागदावर मधात थांबून पाणी तरी पिता येते.

मी गावाले गेली होती. विहाराच्या बाजूची खोली पुरी झाली. पंखे लागले, टेबलं आली, पोरं आतापासूनच पुस्तकं घेऊन बसून राह्यले. मी पाटी घेऊन गेली होती, 'कालकथित आयुष खोब्रागडे अभ्यासिका'. समितीचे अध्यक्ष देवरावभाऊ, तुले मालूमच हाय, आवाज कधी चढवत नाई. त्यानं पाटी हातात घेतली, उपरण्यानं पुसली अन् भिंतीले उलटी टेकवून ठेवली. म्हणे, "बाई, खोली तुमची, मेहनत तुमची. पण इथी पोट्टे भरतीचा अभ्यास करणार. ज्यानं पिऊन गाडी पाडली त्याचं नाव त्यायच्या डोक्यावर कसं लावाचं?"

घरी येऊन मी रांजण लाथाडला, फुटला तो.

डिसेंबरात समितीची बैठक झाली, तू होती म्हणते, अन् तुया भावालेही बोलावलं होतं. राजदीपनं तिथी सांगतलं का आयुष प्याला होता. त्या दिवशी गाडीत दोघंच होते, एक गेला अन् एक वाचला, मंग त्याच्या बोलण्यावर कोण शंका घेईन? पण मले तर त्यानं तेव्हा दवाखान्यात सांगतलं होतं, "मामी, मी झोपलो होतो, मले काईच मालूम नाई." आता दोन वर्सानं जाग आली का त्याले?

हे त्या ठेकेदाराचं काम हाय, ज्याची पिकअप आयुष चालवे. पिकअप नाल्यात गेली तेव्हा 'ड्रायव्हर पिऊन होता' अशी बोंब पह्यले त्यानंच मारली. व्हिसेऱ्याचा रिपोर्ट आजलोक आला नाई. राजदीप आता त्याच्याचकडे ब्रह्मपुरीच्या कामावर मुकादम हाय, त्याले घोकवलं असन. त्या माणसाले मी सोडत नाई नंदिनी. मले त्याचा पैसा नाई पाह्यजे, काई नाई. सगळ्या गावासमोर त्याच्या तोंडातून निघालं पाह्यजे का माया पोरगा प्याला नव्हता. त्याबिगर मी मरत नाई, अन् त्यालेही सुखानं जगू देत नाई.

बैठकीत तुया भाऊ काय बोलला ते शब्दाले शब्द लिव.

सत्यशीला


ब्रह्मपुरी
२१ जानेवारी २०२४

ती. आईंना,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. कॉलेजात तासिका संपवून स्टाफरूममध्ये बसून लिहितेय, घरी लिहिण्यासारखं नाही.

राजदीप स्वतःहून काही बोलला नाही. देवरावभाऊंनी तीनदा विचारलं तेव्हा बोलला. म्हणाला, ठेकेदाराच्या कॅम्पच्या मागे रस देणारं एकच झाड आहे, वारलूबाबाचा गोरगा. त्या सकाळी भाऊजी, म्हणजे आयुष, तिकडे गेले, वारलूबाबानं नुकताच उतरवलेला गोरग्याचा मादक रस भोपळ्याच्या तुंब्यातून दिला, भाऊजींनी दोन तुंबे रिचवले आणि मग गाडी काढली. पुढं झोप लागली म्हणाला. जे पाहिलं तेवढंच सांगतो म्हणाला. मान खाली होती त्याची. ठेकेदारानं शिकवलं असं मला तरी वाटलं नाही.

आई, तुम्हाला राग येईल पण लिहिते. मला ठेकेदाराचा राग येत नाही, मला आयुषचाच येतो. लग्नाआधी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर त्यानं मला सांगितलं होतं की पंचशील मी नुसतं म्हणत नाही, पाळतो. त्या एका वाक्यावर मी घरच्यांशी भांडले. आणि हा माणूस मे महिन्याच्या उन्हात सकाळी सकाळी दोन तुंबे पितो आणि मला सोडून जातो. त्याचा फोटो मी कपाटात ठेवलाय. भिंतीवर लावायचं मन होत नाही.

खोली बिनानावाची राहू द्या. पोरं शिकतील, तेच पुष्कळ आहे.

राजदीपचं जमलंय. मुलगी आरमोरीची, रिना नाव, नर्सिंग केलंय. एप्रिलच्या एकवीसला साक्षगंध आहे. तुम्ही याल तर बरं वाटेल, पण हा विषय घेऊन येऊ नका.

आपली,
नंदिनी


उपकेंद्र
५ फेब्रुवारी २०२४

नंदिनी,

बिनानावाची खोली तुया बापाच्या गावात ठेव. मी पोराच्या नावानं बांधली, नावासकटच राहीन.

तू त्याचा फोटो कपाटात ठेवला हे वाचून दोन दिवस तुले पत्र लिवलं नाई. लिवलं असतं तर तू पुन्हा जवळ केलं नसतं मले.

आता ऐक. तुया पत्रातलं एक वाक्य मले टोचलं. कॅम्पच्या मागचा गोरगा, वारलूचा. वारलू माया पेशंट हाय, बीपीची गोळी मीच देतो त्याले. काल त्याले इचारलं, अप्पा, त्या मे महिन्यात तू माया पोराले गोरगा पाजला का? तो हासला, मंग माया तोंडाकडे पाहून म्हणे, त्या झाडानं तवा देणं सोडलं होतं, मी काय दगडातून काढू का? माडिया म्हाताऱ्याले पोलिसानं एका शब्दानं इचारलं नाई. त्याले मराठी येत नाई, अन् त्यायले माडिया येत नाई.

पण देवरावभाऊपुढं वारलूचं नाव घेतलं तर तो म्हणीन, बाई, त्यानंच तर पाजली, तो कायले कबूल होईन? म्हणून मले शिकल्या माणसाच्या हातचं पाह्यजे. आयुष गेला त्याच वर्सी फेब्रुवारीत तू आली होती ना इथी, आठ दिवस? अन् कोनत्या तरी झाडाची फळं तोडून हात सुजवून घेतले होते. तेच झाड होतं का ते? तेव्हा ते कसं होतं, गोरगा कसा वाढते, कधी देते, कधी देत नाई, सारं लिव. पुस्तकातलंही लिव अन् डोळ्यानं पाह्यलेलंही लिव. तू एमएस्सी हाय, तुया कागदाले वजन हाय.

त्या ठेकेदाराले मी याच झाडाले बांधीन बघ.

सत्यशीला


ब्रह्मपुरी
१६ फेब्रुवारी २०२४

ती. आईंना,
जयभीम.

हो, तेच झाड. कॅम्पच्या मागचं, नाल्याच्या चढावरचं. त्याच्यावर लिहायला सांगितलंत आणि मी एका बैठकीत लिहून काढतेय. वर्गातल्या पोरींना हे झाड मी फळ्यावर काढून दाखवते, त्यांच्यातल्या कुणी ते पाहिलेलं नसतं.

पुस्तकात त्याचं नाव कॅरिओटा युरेन्स. कोकणात भेर्ली माड म्हणतात. मूळचं सदाहरित, ओल्या जंगलातलं झाड. आपल्याकडे नाल्याकाठी आणि माडियांच्या अंगणात टिकून आहे, कारण ते लोक त्याला लेकरासारखं सांभाळतात. एकच सरळ खोड, फांदी नाही, खोडावर गळून गेलेल्या पानांची वळी. ताडामाडांत असं पान याच्याच जातकुळीत सापडतं: पानाला पुन्हा पानं फुटलेली आणि प्रत्येक पाकळी माशाच्या शेपटीसारखी, कडेला कुरतडल्यासारखी. फुलं तीन-तीनच्या जुडग्यात, दोन नर आणि मधे एक मादी.

याचं सगळ्यात नवलाचं म्हणजे फुलायची रीत. दहा-पंधरा वर्षं नुसतं वाढतं. मग शेंड्यापाशी पहिला फुलोरा येतो, घोड्याच्या शेपटीसारखा लोंबणारा. दुसरा त्याच्या खाली, तिसरा त्याच्याही खाली, असं वरून खाली उतरत येतं. खोडात साठवलेलं सगळं त्या फुलोऱ्यांत ओतत जातं. रस मिळतो तो कोवळ्या, न उमललेल्या फुलोऱ्याचा देठ कापून, दुसरीकडून नाही. बुडाजवळचा शेवटचा घड पिकला की झाड संपलं. परत फुलोरा नाही, रस नाही, उभ्या उभ्या वाळतं.

मी आले तेव्हा ते झाड त्याच टोकाला आलं होतं. वरचे सगळे देठ वाळलेले, शेंड्याची पानं पिवळी पडून लोंबत होती आणि शेवटचा घड माझ्या कमरेइतक्या उंचीवर, लाल पिकलेला. हाताशी आलेला म्हणून तर मला तोडता आला. कॉलेजच्या संग्रहासाठी बरणीभर फळं घेतली आणि गर काढायला बसले. त्या गरात डोळ्याला न दिसणाऱ्या सुया असतात. पुस्तकात वाचलेलं होतं, तरी उघड्या हातानं बसले. 'युरेन्स' म्हणजेच आग करणारा. कोपरापर्यंत हात पेटले. आयुष आधी पोट धरून हसला, म्हणाला, "मॅडम, पेपरात हा प्रश्न आला तर पैकीच्या पैकी." मग रात्री किती वेळ चिंचेच्या पाण्यानं माझे हात धुत बसला होता. मी झोपले तरी त्यानं हात सोडला नव्हता.

हे सगळं मी विसरून गेले होते, आई. रागात माणूस चांगलं तेवढं आधी विसरतं.

तासिकेची घंटा झाली. पत्र आत्ताच पेटीत टाकते, नाहीतर राहून जाईल.

नंदिनी


उपकेंद्र
२७ फेब्रुवारी २०२४

नंदिनी बेटा,

तुया हाताले सोन्याचं कडं घालावं असं पत्र लिवलं तू. तीनदा वाचलं.

फेब्रुवारीत शेवटचा घड पिकला होता, तू सोताच्या हातानं तोडला. त्याच्यानंतर झाड संपलं, रस नाई. मंग मे महिन्यात वारलूनं दोन तुंबे कुठून उतरवले? आकाशातून? कॅम्पच्या मागं दुसरा गोरगा नाई, मी चारी बाजूनं फिरून आली. म्हणजे ही सारी कहाणी रचलेली हाय. अन् रचणाऱ्याले गोरग्याची अक्कल नाई. झाड उभं दिसलं का ते देतच असन, असं वाटलं त्याले.

आता राजदीपले समोर बसव. मारू नको, रागावू नको, तो आपलाच हाय. त्याले म्हणावं, ठेकेदारानं शिकवलं एवढं समितीपुढं कबूल कर, मामी तुले काईच करत नाई. मंग मी त्या ठेकेदाराच्या दारात जाऊन बसतो. त्याच्या बंगल्यापुढं, त्याच्या पाव्हण्यासमोर. त्याच्या लेकरायनं इचारलं पाह्यजे का बाबा, ही बाई रोज काऊन येते. मले नुसतं आठवलं तरी झोप चांगली लागते आजकाल.

साक्षगंधाले मी येतो. रिनासाठी लुगडं घेऊन ठेवलं.

तुयी आई


ब्रह्मपुरी
१० मार्च २०२४

ती. आईंना,
जयभीम.

मागचं पत्र मी घाईत लिहिलं. त्यात एक गोष्ट राहून गेली. गोरग्याचं मुख्य खोड संपलं तरी बुडातून नवे फुटवे येतात. त्या फुटव्यांनाही फुलोरा येऊ शकतो आणि त्यातून रस मिळू शकतो. त्यामुळे फेब्रुवारीत घड पिकला म्हणून मे महिन्यात रस नव्हताच, असं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येणार नाही. माझं आधीचं पत्र कृपा करून समितीला दाखवू नका.

ऊन फार वाढलंय. साक्षगंधासाठी एवढा प्रवास करून येण्याची गरज नाही. तब्येतीची काळजी घ्या.

आपली,
नंदिनी


उपकेंद्र
२२ मार्च २०२४

नंदिनी,

'शास्त्रीयदृष्ट्या' हा शब्द तू मले याच्याआधी कधी लिवला होता?

मी गेली झाडापाशी. वारलूले सोबत घेतलं. खोड वाळून उभं हाय, टिचकी मारली तर पोकळ वाजते. बुडाशी पालापाचोळा उकरला. फुटवा नाई, फुटव्याची खूणही नाई. वारलूले म्हटलं, मायी सून म्हणते गोरग्याले बुडातून पिलं येते. म्हातारा इतका हासला का त्याले ठसका लागला.

अन् तू इसरली असशीन, मी नाई इसरली. तुया कॉलेजच्या फाटकाजवळ शोभेचं झाड हाय, झुडपासारखं, बुडातून फुटलेलं. तूच मले हाताले धरून दाखवलं होतं, "आई, हे गोरग्याचं चुलत भावंड. याला बुडातून फुटवे येतात, आपल्या गोरग्याला येत नाहीत." तुया तोंडचं वाक्य हाय. त्या झाडाचा गुण उचलून तू या झाडाले चिकटवला. खोटं बोलली तू. अन् झाडावर बोलली, जे तू कधी केलं नाई.

मंग मी बसली विचार करत. ठेकेदारासाठी माया सुनेनं खोटं काऊन बोलावं? तिचा कोण लागते तो? नाई बोलत. भावासाठी मात्र बोलीन.

आयुषले मीच पुसलं होतं, पांढरे कपडे मीच घातले. डावा खांदा, डाव्या बरगड्या, डावा कान. छातीवर स्टेअरिंगचा वळ नव्हता. इतक्या वर्साच्या नोकरीत अपघाताचे किती ड्रायव्हर माया हाताखालून गेले, प्रत्येकाच्या छातीवर तो वळ असते. त्या दिवशी मायं डोकं ठिकाणावर नव्हतं. आता ठिकाणावर आलं. तो क्लीनरच्या बाजूनं बसला होता, नंदिनी. चाक तुया भावाच्या हातात होतं, लायसन नसलेल्या. अन् सरळ रस्त्यावर गाडी कशी पडली हे कोनी इचारू नये म्हणून त्यानं माया मेलेल्या पोराच्या तोंडात दारू ओतली.

तुया भाऊ वाचला अन् माया पोरगा गेला, इतकं मी सहन केलं असतं. तो नाव घेऊन गेला, ते नाई सहन होत. दोन वर्सं त्या राजदीपले मी दिवाळीले फराळ पाठवला.

आता ठेकेदार गेला चुलीत. एकवीस तारखेले मी येतो. समोर बसीन. तुया भाऊ 'मुसावादा वेरमणी' म्हणीन, खोटं बोलणार नाई म्हणीन, तवा मी उठीन. रिनाच्या मायबापासमोर, भंतेजीसमोर, देवरावभाऊसमोर त्याचे कपडे उतरवीन. त्याचं लगन मोडीन, गावात तोंड दाखवण्यासारखा ठेवणार नाई. त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना मले पाहाचा हाय. तेवढ्यासाठीच जिती हावो मी.

तुले जे कराचं ते कर. आडवी आली तर तुलेही ओलांडून जाईन.

सत्यशीला


ब्रह्मपुरी
२ एप्रिल २०२४

आई,

येऊ नका. एवढं एकच मागते, कारण विचारू नका. आलात तर मी तुमचं तोंड पाहणार नाही.

नंदिनी


ब्रह्मपुरी
१५ एप्रिल २०२४

ती. आईंना,
जयभीम.

साक्षगंध परवा, तेरा तारखेला झालं. म्हणजे झालं नाही. तारीख आठवडाभर अलीकडे मीच आणवली. जयंतीची सुट्टी आहे, सगळे जमतील, असं सांगितलं सगळ्यांना. तुम्हाला कळवलं नाही. देवरावभाऊंना मात्र मी स्वतः गावी जाऊन बोलावलं, समितीच्या इतर लोकांनाही.

फुटव्यांचं मी खोटं लिहिलं होतं. तुमचं सत्तावीस तारखेचं पत्र वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी स्वतःच्या अक्षरात काय लिहून बसलेय. ठेकेदाराला यातलं काही घोकवायची गरजच नव्हती, राजदीपला स्वतःलाच काहीतरी लपवायचं होतं. राजदीप बैठकीत बोलताना त्याची मान कशासाठी खाली होती हे मला त्या क्षणी कळलं. आणि तरी मी तुम्हाला खोटं लिहिलं. माझी आई आजारी आहे, घरात लग्नाचे कपडे आले होते. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे, त्याला मी कडेवर वागवलंय. ते पत्र टाकल्यावर मला जेवण जाईना. वर्गात तो धडा आला तेव्हा मी तो घेतला नाही, पोरींना म्हटलं घरी वाचा.

मग तुमचं पत्र आलं. तुम्ही येणार, समोर बसणार, उठणार, त्याचा रंग उतरताना पाहणार. सगळं तुम्ही ठरवलं होतं. त्या अख्ख्या पत्रात 'माया पोरगा' किती वेळा आहे ते पाहा. तुमचा पोरगा गेला, तुमच्या पोराचं नाव गेलं. माझं कोण गेलं हे तुम्ही एकदाही लिहिलं नाही.

तुमच्याकडून नाव नेलं त्यानं. माझ्याकडून काय नेलं ते सांगते. दोन वर्षं रात्री दिवा मालवला की मी आयुषला बोलायची. दारुड्या म्हणायची, लबाड म्हणायची, माझ्याशी पंचशीलाच्या शपथा घेतल्यास आणि गोरग्याखाली जाऊन बसलास म्हणायची. त्याच्यासाठी मी एकदा धड रडले नाही, कारण मला त्याची चीड येत होती. ज्या माणसानं रात्रभर माझे हात धुतले त्याला मी रोज शिव्या दिल्या, आणि त्या माझ्या भावानं माझ्या तोंडात घातल्या होत्या. रोज सकाळी मी त्याच भावाला डबा करून देत होते.

म्हणून तुम्ही यायला नको होतात. तुम्ही उठला असतात तर लोक म्हणाले असते, पोराच्या दुःखानं बाई बहकली. आणि ते काम माझं होतं.

भंतेजींनी त्रिसरण, पंचशील दिलं. राजदीप सगळं म्हणाला, स्पष्ट म्हणाला. 'मुसावादा'लाही अडखळला नाही. मग अंगठी बाहेर आली. मी उठून त्याच्या आणि रिनाच्या मधे उभी राहिले. मी त्याला गोरग्याचं काही विचारलं नाही. झाड, घड, फेब्रुवारी, काही नाही. एवढंच विचारलं, "राजदीप, चाक कोणाच्या हातात होतं?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग देवरावभाऊंकडे. कुणीतरी मागून म्हणालं, नंदिनी, हे काय आता. मी हलले नाही. मी परत विचारलं.

तो म्हणाला, "माया हातात होतं ताई. भाऊजी मले शिकवून राह्यले होते."

तेवढंच. चाकाचं खोटं निघालं, तिथं पिण्याचं कुणाला विचारावंच लागलं नाही. देवरावभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. रिनानं अंगठीची डबी बंद करून स्वतःच्या आईच्या हातात दिली आणि ती माणसं उठली. संध्याकाळी देवरावभाऊच त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. माझी आई माझ्याशी बोलत नाही. मी कॉलेजजवळ खोली घेतली आहे, घरच्या पत्त्यावर आता पत्र पाठवू नका, कॉलेजच्या पत्त्यावर पाठवा.

समितीची बैठक काल जयंतीच्या मिरवणुकीनंतर लगेच झाली. पाटी लागणार आहे.

नंदिनी


उपकेंद्र
२४ एप्रिल २०२४

नंदिनी,

एकवीसले मी लुगडं घेऊन ब्रह्मपुरीत उतरली. तुया घराले कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगतलं काय झालं ते, सडा टाकता टाकता, सिनेमाची गोष्ट सांगावं तसं. मी तिच्या वट्यावर बसून ऐकलं. तुयं पत्र इथी आल्यावर भेटलं.

काऊन केलं तू हे? पाटी लागणार, माया लेकराचं नाव धुतलं गेलं, सारं खरं. पण मले तिथी असाचं होतं. दोन वर्सं मी त्याच एका घटकेची वाट पाहून राह्यली. उठली तेव्हा तेच, निजली तेव्हा तेच. अन् ती घटका तू मायाकडून हिसकून नेली. मी तुयी दुश्मन होती का?

शिव्यायचं जे लिवलं ते वाचलं. त्याच्यावर मी काई लिवू शकत नाई. 'माया पोरगा' लिवलं, खरं हाय. मोजलं मी.

पण आता एवढं तरी कर. मले सांग, त्याचं तोंड कसं झालं होतं. दुसऱ्यांदा इचारलं तेव्हा त्याचे हात कुठी होते? रडला का? तुया पायावर पडला का? रिना निघाली तेव्हा तिच्या मागं गेला का? तू चार ओळीत उरकून टाकलं. मले सारं पाह्यजे. कोन उठलं, कोन बसून राह्यलं, तो किती वेळ उभा होता, पाणी मागतलं का. एकही गोष्ट सोडू नको. मी इथी एकटी हावो, मायाजवळ वाचाले वेळ हाय.

सत्यशीला


ब्रह्मपुरी
५ मे २०२४

आई,

नाही लिहिणार.

तुम्ही विचारलेलं सगळं मला पाठ आहे. हात कुठे होते, किती वेळ उभा होता, सगळं. रोज दिसतं. तुम्हाला वाटतं तसं त्यानं झोप चांगली लागत नाही. पण ते मी कुणाला देणार नाही, तुम्हालाही नाही. तो माझा भाऊ होता आणि सूड माझा होता. दोन्ही मीच सांभाळीन.

आयुषचा फोटो खोलीत लावला आहे. मी आता त्याच्यासाठी रडते, दोन वर्षं उशिरा, आणि बराच वेळ रडते.

अकरा मेला अभ्यासिका उघडतेय. सकाळी या, उन्हाच्या आत. तुम्ही आणलेल्या पाटीवर नावाच्या खाली 'मातोश्री सत्यशीला यांच्याकडून' एवढंच होतं. ती पाटी मी परत पाठवली आणि नवी बनवायला टाकली. तिच्यावर 'आणि पत्नी नंदिनी' आहे. तुम्हाला विचारलं नाही.

नंदिनी